मेंदीचे कुंपण आणि वऱ्हाडचा दुष्काळ : तग धरणे आणि पिकणे यांतील अंतर

🧵 १/ बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात जानेफळ हे गाव आहे. वऱ्हाडच्या या घाटमाथ्यावरील गावांत परसाच्या किंवा मळ्याच्या कडेला मेंदीचे कुंपण असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. तिला कोणी मुद्दाम पाणी घालत नाही. चैत्र-वैशाखात बांधावरचे गवत जळून जाते, विहिरी तळ गाठतात, तरी मेंदी उभी असते. मग साहजिकच एक प्रश्न मनात येतो. ज्या प्रदेशाने दुष्काळामागून दुष्काळ पाहिले, तेथे अवर्षणाला न जुमानणारी ही वनस्पती कुंपणावरच का राहिली? ती शेतात का आली नाही?

२/ या प्रश्नाचे उत्तर शोधताना वनस्पतिशास्त्र आणि इतिहास दोन्ही हाताशी घ्यावे लागतात. पाण्याचा ताण पडला की मेंदीच्या झुडपात काय घडते, हे आधी पाहू. मग त्याच नजरेने १८९९-१९०० च्या वऱ्हाडकडे वळू. धागा लांब आहे, पण शेवटी हाती काही लागेल अशी आशा आहे.

३/ प्रथम ओळख. मेंदीचे शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. लिथ्रेसी हे तिचे कुळ. आपले राज्यपुष्प तामण आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या परिचयाचे डाळिंब हीदेखील याच कुळातील. समोरासमोर येणारी लहान पाने, पांढरट सुवासिक फुलांचे घोस, मिरीपेक्षा थोडी मोठी गोल फळे आणि त्यांत असंख्य बारीक बिया. बियांचे कवच इतके टणक असते की रोपवाटिकेत त्या कित्येक दिवस भिजत घातल्याशिवाय नीट उगवत नाहीत.

४/ ‘लॉसोनिया’ हे नाव आयझॅक लॉसन या स्कॉटिश वैद्याच्या स्मरणार्थ आहे. १७३५ साली कार्ल लिनियसचा ‘सिस्टेमा नातुरे’ हा ग्रंथ छापला गेला, त्याच्या खर्चाचा भार उचलणाऱ्यांपैकी तो एक होता. १७५३ च्या ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये लिनियसने मेंदीच्या दोन जाती नोंदवल्या. एक ‘इनर्मिस’, म्हणजे बिनकाट्याची आणि दुसरी ‘स्पायनोसा’, म्हणजे काटेरी.

५/ पुढे ध्यानात आले की या दोन जाती नाहीतच. झुडूप कोवळे असताना त्याला काटे नसतात. ते जुने आणि राठ झाले की आखूड फांद्यांची टोके कठीण होऊन काट्यासारखी बनतात. वनस्पती एकच, वय आणि परिस्थिती मात्र वेगळी. वाळक्या फांद्या पाहून जगातल्या सर्वांत मोठ्या वर्गीकरणकाराचीही फसगत झाली. हा प्रसंग लक्षात ठेवा. एखादी गोष्ट कोणत्या काळात पाहिली यावर ती काय आहे असे आपल्याला वाटते, हे इतिहासातही वारंवार घडते.

६/ मेंदीचा इतिहास हा मुळातच कोरड्या प्रदेशांचा इतिहास आहे. प्राचीन इजिप्तमधील ममींच्या केसांवर आणि नखांवर मेंदीच्या रंगाच्या खुणा नोंदल्या गेल्या आहेत. रोमन लेखक प्लिनी नाईलच्या मुखाजवळील कॅनोपसची आणि पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरील अस्कलोनची मेंदी वाखाणतो. मृत समुद्राकाठच्या एन-गेदी या मरुद्यानातील मेंदीचा उल्लेख बायबलच्या ‘गीतरत्न’ भागात येतो.

७/ या ठिकाणांत एक साम्य आहे. आकाश कोरडे, ऊन कडक, पण पायाखाली कोठेतरी ओल : नदीची, झऱ्याची किंवा खोल भूजलाची. मेंदी वाळवंटाच्या काठावरची आहे, पण ती निवडुंग नव्हे. निवडुंग पाणी अंगात साठवतो. मेंदी पाणी शोधत खाली जाते. अवर्षणातील तिच्या वागण्याचे मर्म या फरकात आहे.

८/ आता पाण्याचा ताण म्हणजे काय ते पाहू. मातीतील ओल घटली की मुळांना पाणी ओढणे जड जाते. पेशींमधील पाण्याचा दाब उतरतो. पेशी फुगते ती या दाबामुळे, म्हणून सर्वांत आधी थांबते ती नव्या पानांची वाढ. झुडूप कोमेजलेले दिसण्याच्या कितीतरी आधी त्याची वाढ मंदावलेली असते. शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसते ती तिसरी-चौथी पायरी.

९/ पुढची पायरी पर्णरंध्रांची. मुळांकडून व पानांतून ॲब्सिसिक आम्लाचा संदेश जातो आणि पानावरील सूक्ष्म रंध्रे मिटू लागतात. पाण्याची वाफ बाहेर जाणे थांबते. पण कार्बन डायऑक्साइड आत येण्याचा मार्गही तोच असल्यामुळे अन्न तयार होणे मंदावते. तहान आवरायची तर उपासही सोसावा लागतो, असा हा सौदा आहे.

१०/ ताण लांबला की हिशेब आणखी बदलतो. जे थोडे अन्न तयार होते त्यातील मोठा वाटा मुळांकडे वळतो. शेंड्याच्या तुलनेत मुळांचे प्रमाण वाढते. पेशींत प्रोलीनसारखी द्रव्ये साठतात आणि पाणी धरून ठेवायला मदत करतात. नवी पाने लहान व जाडसर येतात. तरीही भागले नाही तर झुडूप जुनी पाने गाळून टाकते आणि काड्यांच्या रूपाने पावसाची वाट पाहते.

११/ म्हणून ‘मेंदी दुष्काळ सोसते’ हे विधान खरे आहे, पण अपुरे आहे. सोसते ते मुरलेले, खोल मुळांचे झुडूप. पहिल्या पावसाळ्यात लावलेले रोप तितके काटक नसते. मुळे खाली उतरण्याआधीच पावसाने दीर्घ ओढ दिली तर ते मरते. आणि जुने झुडूप जगले तरी त्या वर्षी ते पाने देईलच असे नाही. मेंदीचे पीक म्हणजे तिची पाने. जगण्यासाठी झुडूप जी गोष्ट सर्वप्रथम सोडून देते, तीच नेमकी शेतकऱ्याला विकायची असते.

१२/ मग रंगाचे काय? मेंदीचा रंग लॉसोन या द्रव्याचा. रासायनिकदृष्ट्या ते नॅफ्थोक्विनोन, अक्रोडाच्या हिरव्या सालीतील रंगद्रव्याचे जवळचे नातलग. हिरव्या पानात ते बहुतांशी शर्करेशी बांधलेल्या रूपात असते. पान वाटले, भिजवले, आंबटपणाची साथ मिळाली की ते सुटे होते, हवेने त्याचे लॉसोन बनते आणि ते त्वचेतील केराटिनला घट्ट चिकटते. आजी पाट्यावर मेंदी वाटताना लिंबू पिळत असे, त्यामागे हे रसायन होते.

१३/ अशी द्रव्ये वनस्पती वाढीसाठी नव्हे, तर बहुधा संरक्षणासाठी तयार करते. म्हणून उष्ण, कोरड्या हवेतील मेंदीची पाने रंगाला सरस मानली जातात. भरपूर पाणी मिळालेल्या झुडपाला पाला अधिक येतो, पण रंग तुलनेने फिका पडतो असा उत्पादकांचा अनुभव आहे. मात्र येथे एक गणित विसरू नये. प्रत्येक पानातील रंगाचे प्रमाण वाढले आणि पानांची संख्याच निम्म्यावर आली, तर एकूण रंग कमीच मिळतो. सौम्य ताण गुणवत्ता वाढवू शकतो. तीव्र ताण गुणवत्ता आणि उत्पन्न दोन्ही हिरावतो.

१४/ हे सगळे मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील सोजतकडे जावे लागते. वर्षाला साधारण ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खडकाळ हलकी जमीन आणि मैलोन् मैल कोरडवाहू मेंदी. एकदा लावलेले झुडूप वीस-तीस वर्षे पाला देते. चांगल्या वर्षी हेक्टरी सुमारे एक ते दीड टन वाळलेली पाने मिळतात. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेचे पाली येथील केंद्र या पिकावर काम करते. २०२१ साली ‘सोजत मेहंदी’ला भौगोलिक मानांकनही मिळाले.

१५/ तेथील कापणीचा मुख्य हंगाम भाद्रपद-आश्विनाचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा. झुडपे विळ्याने कापून शेतातच वाळवतात आणि मग पाला झोडून काढतात. या काळात पाऊस आला तर कापलेला पाला काळा पडतो आणि बाजारात भाव मिळत नाही. म्हणजे मेंदीला पाऊस हवा, पण योग्य वेळी. जुलै-ऑगस्टमध्ये वाढीसाठी आणि कापणीच्या वेळी बिलकूल नको.

१६/ आता जानेफळकडे परत येऊ. वऱ्हाडचे जुने दोन भाग म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट पायनघाट आणि अजिंठ्याच्या रांगेवरील बालाघाट. मेहकर हा बालाघाटाचा मुलूख. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदले आहे. बेसाल्टचा खडक, कोठे खोल काळी माती तर कोठे मुरमाड माळ, आणि जवळून वाहणारी पैनगंगा. पाऊस पालीपेक्षा बराच अधिक, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

१७/ या मुलखाने दुष्काळ जवळून पाहिला आहे. १६३०-३२ च्या दुष्काळाने दख्खन आणि गुजरात उजाड केले. तुकोबांच्या घरावर कोसळलेले संकट याच काळातले. मेहकर एकेकाळी मोमीन विणकरांच्या भरभराटीसाठी प्रसिद्ध होते. पेंढाऱ्यांची लूट आणि १८०३ चा दुष्काळ यांनी त्या वैभवाचा शेवट केला, असे वऱ्हाडच्या जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे.

१८/ पण सर्वांत खोल व्रण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ दरम्यान कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू झाला आणि खामगावची कापूस बाजारपेठ थेट मुंबई बंदराशी जोडली गेली. काळ्या मातीत कापसाचा पसारा वाढत गेला. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला, आणि त्याचे पोट बाजारभावाशी बांधले गेले.

१९/ मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्यातून सावरण्याआधीच १८९९ चा पावसाळा बुडाला. देशातील ज्ञात इतिहासातील अत्यंत वाईट मोसमांपैकी तो एक. मारवाडात या काळाला ‘छप्पनिया’ म्हणतात, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ सुरू होते. म्हणजे आजच्या मेंदीच्या सोजतवर आणि आपल्या मेहकर-जानेफळवर एकाच वर्षी एकाच आभाळाने पाठ फिरवली होती.

२०/ आकडे बोलके आहेत. १८९१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८१ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ४ लाख २४ हजारांवर आली. दहा वर्षांत जवळपास १२ टक्के घट. वाढायला हवी होती ती लोकसंख्या सत्तावन्न हजारांनी घटली. भूक, पटकी, ताप, स्थलांतर आणि न जन्मलेली मुले, हे सगळे या एका वजाबाकीत सामावले आहे. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांची नावे मात्र या तक्त्यांत नाहीत.

२१/ आता सुरुवातीच्या प्रश्नाला भिडू. त्या काळात शेतात मेंदी असती तर? झुडपे बहुधा जगली असती. माणसे जगली असती का? मेंदी खाता येत नाही. ती विकावी लागते. टंचाईच्या वर्षी ज्याला ज्वारी मिळत नाही तो हातांचा रंग विकत घेत नाही. शिवाय ताणामुळे त्या वर्षी पालाच नगण्य आला असता. झाड टिकले आणि कुटुंब मोडले, असे चित्र सहज शक्य होते.

२२/ अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात हाच भेद व्यापक पातळीवर मांडला. दुष्काळात माणसे मरतात ती केवळ अन्न नसल्यामुळे नव्हे, तर असलेले अन्न मिळवण्याची ऐपत नष्ट झाल्यामुळे. अवर्षण ही आभाळातील घटना आहे. उपासमार ही बाजार, मजुरी, कर्ज आणि राज्यकारभार यांतून घडते. आपल्या भाषेत दोन्हींना ‘दुष्काळ’ हा एकच शब्द वापरला जातो, म्हणून गल्लत होते.

२३/ मग वऱ्हाडात मेंदी कुंपणावरच राहिली याची कारणे दिसू लागतात. काळी माती पावसाळ्यात पाणी धरते, आणि मेंदीच्या मुळांना तुंबलेले पाणी मानवत नाही. पालीत कापणीच्या वेळी आभाळ निवळते, येथे परतीचा पाऊस अनेकदा रेंगाळतो. शिवाय पहिल्या लावणीनंतर भरघोस पाला यायला दोन-तीन वर्षे जातात. सावकाराचे व्याज तितके थांबत नसे. कापूस आणि ज्वारी त्याच वर्षी दाणा किंवा पैसा देत. शेतकऱ्याने मेंदीला बांधावर ठेवले यात अज्ञान नव्हते, हिशेब होता.

२४/ कुंपणावर मात्र ती चोख काम करते. तिला खतपाणी लागत नाही, छाटली की दाट फुटते, जुनी झाली की लिनियसला चकवणारे तिचे काटे येतात. १८८९ ते १८९३ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या जॉर्ज वॅट यांच्या भारतीय वनस्पतिसंपत्तीच्या कोशातही ती कुंपणाची वनस्पती म्हणून येते. आणि आषाढ सरून नागपंचमी जवळ आली की त्याच कुंपणावरचा कोवळा पाला पाट्यावर जातो. ज्या काळात झुडपाला नवी पालवी असते, त्याच काळात आपला मेंदीचा सण येतो. शेतीचे पंचांग आणि सणांचे पंचांग येथे हातात हात घालून चालतात.

२५/ एक शेवटचा धागा सरकारी दप्तराचा. पीक किती आले हे ठरवण्याची आपल्याकडील जुनी पद्धत म्हणजे आणेवारी. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. पुढे तिची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांखालील गावे टंचाईग्रस्त ठरू लागली. या पद्धतीवर वाद पुष्कळ झाले, पण तिच्या मुळाशी एक शहाणपण आहे. शेत हिरवे दिसते का, हा प्रश्न ती विचारत नाही. खळ्यावर काय आले, हे विचारते.

२६/ १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने हाच प्रश्न आणखी पुढे नेला : खळ्यावर काही आले नाही तर हातात काय? वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. पाऊस १८९९ मध्येही बुडाला होता आणि १९७२ मध्येही. १९७२ मध्ये हालअपेष्टा अपार होत्या, पण बुलढाण्याने १८९१ ते १९०१ या दशकात पाहिली तशी वजाबाकी पुन्हा मांडावी लागली नाही. या दोन काळांमधील फरक आभाळात नाही, माणसांनी केलेल्या व्यवस्थेत आहे.

२७/ आजही एखादे काटक पीक दाखवून ‘हे लावा, दुष्काळ संपेल’ असे सांगितले जाते. तेव्हा मित्रहो, तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. ताण पडल्यावर ही वनस्पती जगेल का? जगली तरी विकण्याजोगे पीक देईल का? आणि दिले तरी त्या वर्षी ते विकत घेणारा कोणी असेल का? मेंदीबाबत पहिल्याचे उत्तर बहुधा ‘हो’ आहे. दुसऱ्याचे ‘वर्षावर अवलंबून’. तिसऱ्याचे उत्तर झुडपाकडे नाहीच.

२८/ तुमच्या गावात जुने मेंदीचे कुंपण असेल तर एकदा वैशाखात आणि एकदा श्रावणात त्याच फांदीचे पान मोजून पाहा. लांबी, रुंदी, संख्या एका वहीत लिहा. सोबत घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला बहात्तरच्या दुष्काळात विहीर कधी आटली, सुकडी कोठे वाटली जात असे आणि कोणत्या कामावर कोण गेले होते, हे विचारा. तेही त्याच वहीत लिहा. १९०१ च्या तक्त्यात जी नावे राहून गेली, तशी पुढच्या वेळी राहू नयेत यासाठी अशा वह्या लागतात. 🧵 समाप्त.